जोडी सोडली की पिल्लं होत नाहीत हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही विदेशी साप पाळण्यावर अख्खं पान छापलंत त्याचं कात्रण मला इस्लामपूरहून माझ्या भाच्याने व्हॉट्सअपवर पाठवलं, खाली नुसतं लिहिलेलं "मामा हे बघ तुझ्या धंद्याचं". माझा धंदा नाहीये, मी बर्मिंगहॅमला सोळा वर्षं राहतो, गोडाऊनमध्ये शिफ्टची नोकरी करतो आणि २०१३ पासून बोआ (अमेरिका खंडातला मोठा, बिनविषारी साप) पाळतो, एवढंच. पण त्या लेखात बोआबद्दल एक वाक्य होतं ते वाचून चहा थंड झाला माझा. "नर-मादीची जोडी एका पेटीत सोडली की चार महिन्यांत पंचवीस ते तीस पिल्लं मिळतात." आणि त्याच्याखाली अंडी उबवायच्या मशीनची किंमत!

साहेब, बोआ अंडी घालत नाही. अजगर घालतो, आपला भारतीय अजगर अंड्यांना वेटोळं घालून बसतो ते खरंय, पण बोआ कॉन्स्ट्रिक्टर थेट जिवंत पिल्लं टाकतो. त्याला मशीन घेऊन करायचं काय, दही लावायचं?

बरं चार महिने म्हणाल तर तेही पूर्ण खोटं नाही म्हणून जास्त राग येतो. चार महिने हा गाभणपणाचा हिशोब आहे. त्याच्या आधीचं कोण मोजणार? मादी वाढवायला चार-पाच वर्षं, मग ऑक्टोबरपासून तयारी, हिवाळाभर जोडी लावणं, आणि पिल्लं बघायला मिळतात ती जून-जुलैत, ती पण मिळाली तर. आमच्याकडे गावी म्हैस असायची, म्हैस माजावर यायच्या आधी वडील तिला काय खायला घालायचे, दावणीला कुठे बांधायचे, किती बघायचे ते मी लहानपणी बघितलंय, तेव्हा म्हैस आहे आणि रेडा आहे म्हणजे रेडकू झालं असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. सापाच्या बाबतीत मात्र लोकांना सगळं आपोआप होतं असं वाटतं.

मी दोनच वेत यशस्वी केलेत, २०२२ आणि २०२४. त्याआधी दोनदा हात भाजून घेतलेत. तज्ज्ञ वगैरे नाही मी, पण जे झालं ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट मादी. लोक घाई करतात, पिल्लू आणलं की दर पाच दिवसांनी उंदीर कोंबायचे, अडीच वर्षांत सहा फूट करायची आणि जोडी लावायची, ह्याला इथे पॉवर फीडिंग म्हणतात आणि काही लोक अभिमानाने सांगतात. वरून साप मोठा दिसतो पण आत चरबी साठते, अशी मादी गाभण राहिली तर पिल्लू न धरलेले वांझ गोळेच जास्त टाकते किंवा स्वतःच आटोपते. माझी मादी पिल्लू म्हणून २०१६ ला घेतली, जोडी लावली २०२१ च्या हिवाळ्यात, तेव्हा ती पाच वर्षांची, सव्वासहा फूट, चार किलो दोनशे ग्रॅम. वजनापेक्षा मी आकार बघतो. बोआचा अंगपिंड मधून कापला तर पावाच्या लादीसारखा दिसायला पाहिजे, खाली सपाट आणि वर गोल, पण नळीसारखा टम्म झाला की ती जाड आहे आणि पाठीचा कणा वर दिसायला लागला तर ती बारीक आहे. नर लहान चालतो, दोन-अडीच वर्षांचा पण काम करतो, तो जाडा तर अजिबात नको, जाडा नर पेटीच्या कोपऱ्यात जाऊन झोपतो, मादीकडे बघतही नाही.

आणि ते नर-मादीच आहेत ना हे आधी बघा. हसू नका, दोन माद्या वर्षभर एकत्र ठेवून पिल्लांची वाट बघणारा एक जण मला माहितीये. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना छोटी काट्यासारखी नखं असतात, स्पर म्हणतात, बोआच्या पूर्वजांचे मागचे पाय होते त्याचे उरलेले अवशेष ते. नराचे मोठे आणि वाकडे असतात, मादीचे बारीक. पण नुसतं त्यावर जाऊ नये, जाणकाराकडून सळई घालून तपासून घ्यावं, नराच्या शेपटीत ती बरीच खोल जाते, मादीत थोडीशीच. स्वतः यूट्यूब बघून हे करू नये, इजा होते.

आता कुठला बोआ हे पण लेखात कुठे नाही. पाळीव म्हणून जे मिळतात ते बहुतेक बोआ इम्परेटर, मध्य अमेरिका आणि कोलंबियाकडचे. सुरीनाम, गयाना, पेरूकडचे लाल शेपटीचे वेगळे, ते वाढतात मोठे, पचनाला नाजूक आणि जोडी लावायला पण अवघड. दोन्हीचा संकर होतो पण करू नये असं माझं मत आहे, कारण मग ते पिल्लू कुठलंच राहत नाही आणि विकणारा मात्र त्याला शुद्ध म्हणून विकतो. होंडुरासच्या किनाऱ्याजवळ कायोस कोचिनोस नावाची बेटं आहेत, तिथला छोटा गुलाबीसर बोआ ह्या शौकापायीच सत्तर-ऐंशीच्या दशकात पोतंच्या पोतं भरून उचलून नेला, बेटांवर दिसेनासा व्हायची वेळ आली होती, मग संरक्षण आलं. त्या जातीची पिल्लं आज बंदिवासात आहेत ती तेव्हा उचललेल्यांचीच वंशावळ आहे. ज्याला ब्रीडिंगचं खरंच काही मोल वाटतं त्याने अशा जातीची वंशावळ नीट लिहून ठेवावी, रंगीबेरंगी भेळ करू नये.

आता माझा सगळ्यात वाईट अनुभव. २०१९ ला मी एका ब्रीडरकडून नर घेतला, नाव लिहीत नाही, कारण त्यालाही माहीत नसेल अशी शक्यता आहे. देखणा नर, खायचा पण. दीड महिना झाला आणि त्याने उंदीर उलटून टाकला. परत दिला, परत उलटला. मग एका रात्री बघतो तर डोकं वर करून छताकडे बघत बसलाय, मान मागे वळलेली, मी हाताने सरळ करतो आणि तो परत तसाच. पालथा पाडला तर सुलटं व्हायला जमेना त्याला. व्हेटने रक्त घेतलं, टेस्ट पॉझिटिव्ह, आयबीडी (इन्क्लूजन बॉडी डिसीज), सापांचा संसर्गाने पसरणारा रोग. ह्याला औषध नाही. इंजेक्शन देऊन संपवावा लागला. बायको गाडीत रडली, जिला साप अजिबात आवडत नाहीत ती.

ह्या रोगाचं कारण कित्येक वर्षं कुणालाच कळत नव्हतं, २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शास्त्रज्ञांनी आजारी सापांमधून विषाणू शोधून काढले, अरेनाव्हायरस कुळातले, आधी ते कुळ फक्त सस्तन प्राण्यांत माहीत होतं. वाईट भाग असा की बोआ हा विषाणू अंगावर घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. म्हणजे तुम्ही जोडी लावता आणि एका रात्रीत रोग पण लावता, आणि पिल्लांना पण जातो. माझा तो नर सुदैवाने वरच्या बॉक्स रूममध्ये क्वारंटाइनला होता, वेगळी चिमटी, वेगळी पाण्याची भांडी, आधी खालच्या सापांचं करायचं आणि शेवटी त्याचं, असं मी काटेकोर पाळलं होतं म्हणून माझी मादी वाचली. तिची दोनदा टेस्ट केली, सहा महिन्यांच्या अंतराने. पुढचा नर २०२० ला आणला तेव्हा टेस्टचा कागद हातात आल्याशिवाय घरात घेतला नाही आणि तरी सहा महिने वर ठेवला. गोचिडासारखे बारीक काळे माइट्स असतात, तेही रोग पसरवतात असा संशय आहे, त्यांचा एक जरी दिसला तर त्या वर्षी जोडी विसरा.

आता थंडी देणं, ज्याला सगळे कूलिंग म्हणतात. बोआच्या मूळ मुलखात वर्षभरात ऊन, पाऊस, रात्रीचा गारवा बदलत असतो, त्या बदलावरून त्याच्या शरीराला वेळ कळते, बंद पेटीत वर्षभर सारखंच तापमान ठेवलं तर बरेचदा काहीच होत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटापासून रात्रीचं तापमान हळूहळू खाली आणायचं. मी एकविस-बावीस डिग्रीपर्यंत आणतो, दिवसा परत गरम कोपऱ्यात अठ्ठावीस-एकोणतीस मिळायलाच पाहिजे, लाइट बारा तासांवरून नऊवर. साधारण आठ आठवडे. पाणी कायम. आणि खाणं बंद, ते थंडीच्या आधी दोन-तीन आठवडे बंद, कारण पोटात उंदीर असताना अंग थंड झालं की तो पचत नाही, आतच सडतो.

हे मला आता माहितीये. २०१७ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा केलं तेव्हा मी फोरमॅनसारखा सगळ्या पेट्यांचे थर्मोस्टॅट एकदम खाली केले, एका रात्रीत. त्यात आमचं भाड्याचं घर, खिडकीतून वारा, सकाळी पेटीत सोळा डिग्री. आठ दिवसांनी नर तोंड थोडं उघडं ठेवून बसला होता, नाकपुडीशी बुडबुडा येतोय आणि श्वासाला आवाज, आपल्याकडे म्हातारी माणसं दम्याने करतात तसा. न्यूमोनिया. व्हेटची इंजेक्शनं, दिवसाआड, मी नाईट शिफ्टवरून येऊन द्यायचो. वाचला. पण जोडी कुठली लागतीये त्या वर्षी. तेव्हापासून एक डिग्री खाली, चार दिवस थांब, परत एक डिग्री, असं करतो आणि रात्री दोनला उठून इन्फ्रारेड थर्मामीटरने बघतो, बायको म्हणते पोरींच्या तापाला एवढा उठला नाहीस.

मग जोडी. नराला मादीच्या पेटीत ठेवायचं, उलट करत नाहीत सहसा. मी नोव्हेंबरच्या शेवटी सुरू करतो, चार-पाच दिवस एकत्र, मग तीन-चार दिवस वेगळे. कायम एकत्र ठेवून दोघं एकमेकांना कंटाळतात, हे माणसांसारखंच आहे म्हणा. दोघांपैकी कुणी नुकतीच कात टाकली असेल तर नर जास्त पेटतो, मादीची कात नराच्या पेटीत ठेवली तरी तो रात्रभर फिरत राहतो. आणि एकत्र असताना खायला अजिबात द्यायचं नाही, दोन सापांनी एक उंदीर दोन टोकांनी धरला तर काय होतं ते विचारू नका.

२०२१ च्या त्या हिवाळ्यात पहिली तीन वेळा काही झालं नाही. चौथ्या वेळी, जानेवारीत, रात्री साडेअकराला मला खालच्या खोलीतून आवाज आला, खर्र खर्र, थांबून परत खर्र, जसं पैठणीच्या जरीवरून कुणी नख फिरवतंय. टॉर्चला लाल कागद लावून बघितलं तर नर मादीच्या पाठीवर पसरलेला, हनुवटी तिच्या मानेवर, आणि ते स्पर तिच्या शेपटीजवळच्या खवल्यांवर घासतोय. त्याचाच आवाज. मादीला पटलं तर ती शेपूट उचलते, नाही पटलं तर शेपटीने फटके मारते आणि निघून जाते, ह्यात जबरदस्ती चालत नाही. त्या रात्री पटलं. दोघांच्या शेपट्या दोरीच्या पिळासारख्या गुंडाळलेल्या, दुसऱ्या दिवशी मी शिफ्टवरून आलो तेव्हाही तसेच. काही लोक नराला चेव यावा म्हणून दोन नर समोरासमोर आणतात, ते झुंजतात, स्परने एकमेकांना ओरबाडतात. मला ते पटत नाही, बैलांची झुंज लावल्यासारखं वाटतं.

त्या हिवाळ्यात नर दोनशे ग्रॅम उतरला, नर ह्या दिवसांत बायकोशिवाय काही बघतच नाही, उंदीर समोर ठेवला तर ओलांडून जातो. म्हणून दर आठवड्याला वजन करायचं आणि फार उतरला की बाजूला काढायचा.

ओव्ह्युलेशन, म्हणजे मादीची बीजं सुटणं, दिसतं डोळ्यांना. मार्चमध्ये एका सकाळी मादीच्या मधल्या भागाला असा फुगवटा आला की मला वाटलं हिने चोरून बॉल गिळला, दुसऱ्या दिवशी गायब. त्यानंतर अडीच आठवड्यांनी कात टाकली आणि ती तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली कारण तिथून खरा हिशोब चालू होतो, साधारण शंभर ते एकशेवीस दिवस. त्या काळात ती काळपट होते, खात नाही, आणि गरम कोपरा सोडत नाही, अर्धं अंग उलटं करून पोट शेकत पडलेली असते.

त्या उन्हाळ्यात आई आली होती गावाहून. आई आधी त्या खोलीत यायलाच तयार नव्हती, आमचं गाव बत्तीस शिराळ्याच्या शेजारचं, तिच्यासाठी साप म्हणजे नाग आणि नाग म्हणजे लांबून नमस्कार. एके दिवशी दारातूनच बघून म्हणाली, "अरे ही तर बाळंतीण शेगडीवर पडावी तशी पडलीये की." मग तिने स्वतःहून रोज सकाळी विचारायला सुरुवात केली, "झाली का मोकळी?" मी तिला सांगितलं की अमेरिकेत एका मादीने नराच्या बीजाशिवाय दोन वेतांत बावीस पिल्लं दिली, नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या वॉरन बूथ ह्यांनी जीन तपासून २०१० ला ते छापलं, सगळ्या माद्याच आणि सगळ्यांचा रंग आईसारखाच कॅरॅमल, बापाचा अंशही नाही. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या नराला उगाचच पोसतोयस."

१४ जुलैला पहाटे झाली. एकवीस जिवंत, दोन मेलेली आणि चार वांझ गोळे, ते पिवळट, उकडलेल्या बलकासारखे दिसतात. पिल्लं पातळ पडद्यात गुंडाळलेली असतात, स्वतःच फाडून बाहेर येतात, एखादं अडकलं तर बोटाने हलकेच फाडायचं. हाताएवढी लांब, पन्नास-साठ ग्रॅमची. आईच्या चकलीच्या पिठाचा काटा मी वापरला वजनाला, तो काटा आता कायमचा माझा आहे. दहा-बारा दिवसांनी पहिली कात, मग पहिला छोटा उंदीर, गोठवलेला, वितळवून कोमट केलेला.

आणि इथे तुमचा लेख संपतो, "पिल्लं विकून लाखोंची कमाई". माझं इथून सुरू झालं. एकवीस पिल्लं म्हणजे एकवीस वेगळे डबे, एकवीस पाण्याच्या वाट्या, प्रत्येकाची वही, तीन पिल्लं खाईनात. इथे धंदा म्हणून विकायचं तर कौन्सिलचं लायसन्स लागतं, २०१८ चे नियम आहेत. मी साध्या रंगाची पिल्लं ओळखीत दिली, काही फुकट, शेवटचं जायला चौदा महिने लागले. हीटिंगचं बिल धरलं तर मी खड्ड्यात. पैसे रंगात आहेत म्हणून लोक रंगाच्या मागे लागतात आणि तिथे पण अभ्यास नाही. अल्बिनोचे (अंगात काळा रंगच नसलेल्या बोआंचे) 'काल' आणि 'शार्प' अशा नावांचे दोन वेगळे वाण आहेत, एक एक आणून जोडी लावली की सगळी पिल्लं साध्या रंगाची निघतात, कारण जीन वेगळे. आणि मॉटली म्हणून एक रंग आहे, मॉटलीला मॉटली जोडलं की काही पिल्लं सुपर मॉटली होतात, अतिशय देखणी, आणि ती फार जगत नाहीत. हे माहीत असूनही जोडणारे आहेत.

आणि जे जगतं ते वीस-तीस वर्षं जगतं. फिलाडेल्फियाच्या झूमध्ये पॉपाय नावाचा बोआ चाळीस वर्षांच्या वर जगला, १९७७ ला गेला. आज कॉलेजच्या पोराने घेतलेला साप त्याच्या मुलांच्या लग्नापर्यंत असणार आहे. सांभाळायला जमलं नाही की लोक सोडून देतात. अरुबा बेटावर बोआ नव्हता, १९९९ ला सापडला आणि आता बेटभर आहे, पक्षी-सरडे फस्त करतोय. मेक्सिकोच्या कोझुमेलवर १९७१ ला मोजके सोडले, त्यांचीच आज रेलचेल आहे. कोकणात हवा त्यांना अगदी मानवेल, हे वेगळं सांगायला नको.

लेखात कायद्याबद्दल एक ओळ नव्हती म्हणून सांगतो. बोआ साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, अर्जेंटिनाचा तर पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात. भारतात वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले, असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली तर त्याची, मेला तर त्याची पण. आणि आपले साप, मांडूळ असो की अजगर, ते पाळायचेच नाहीत, तो सरळ गुन्हा आहे. तुमचा लेख वाचून भाच्याच्या मित्राने मला फोन केला, एकोणीस वर्षांचा पोरगा, "काका, जोडी किती पर्यंत बसेल?" मी त्याला विचारलं थर्मोस्टॅट म्हणजे काय माहितीये का, तर तो म्हणाला फ्रिजमध्ये असतो तो ना.

निदान अंड्यांचं आणि मशीनचं तेवढं दुरुस्त करून छापा ही विनंती. मी स्वतः ह्या हिवाळ्यात जोडी लावणार नाहीये, मादीला सुट्टी आहे, तिने मागच्या वेताची झीज अजून पूर्ण भरून काढलेली नाही.

आपला,
एक जुना वाचक, बर्मिंगहॅम (मूळचा इस्लामपूर)

ता. क. लेखाबरोबर जो वेटोळं घालून बसलेला साप छापलाय तो बोआ नाहीच, आफ्रिकेतला बॉल पायथन आहे. तो मात्र अंडी घालतो, मशीन त्याला चालेल.